वृत्तछायाचित्रण, स्थानिक
एखाद्या शहरातील वा जिल्ह्यातील सभा, मिरवणुका, उद्‌घाटने, अंत्ययात्रा, क्रीडासामने, अपघात इ. सार्वजनिक घटनांची छायाचित्रे वृत्तपत्रांसाठी घेण्याचा व्यवसाय. युद्धभूमीवरील छायाचित्रकारांविषयी विपुल लेखन झाले आहे. आपल्याच गावात रोज हिंडणारा वृत्तछायाचित्रकार मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. छायाचित्राखाली त्याचे नाव क्वचितच छापले जाई, हे याचे एक प्रमुख कारण होय.

हा व्यवसाय कॅमेऱ्यापेक्षा मुद्रणतंत्रावर अधिक अवलंबून होता. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाल्यानंतर (१८३९) सु. चाळीस वर्षे छायाचित्र जसेच्या तसे वृत्तपत्रात छापता येत नव्हते. त्यावरून लाकडी ठसा कोरून घ्यावा लागे. छायाचित्रातील छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करण्याची पद्धत (हाफटोन) वापरून न्यूयॉर्कच्या डेली ग्राफिक या दैनिकाने ४ मार्च १८८० रोजी झोपडवस्तीचे एक दृश्य छापले. दैनिकांच्या जलद यंत्रांवर ही पद्धत रूळण्यास आणखी सु. दोन दशके लागली. ज्या छापखान्याजवळ ब्लॉक तयार करण्याची सोय नसे, त्याला तो दुसऱ्या शहरातून करवून आणावा लागे. त्यामुळे लहान गावच्या पत्रात सभेचे वृत्त आधी व चित्र मागाहून, असा प्रकार घडे. ऑफसेट मुद्रणाने ही अडचण दूर केली.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. तथापि तिचा भर वास्तू, व्यक्ती व निसर्गदृश्ये यांवर होता. सार्वजनिक घटना टिपण्याची वृत्ती मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (सावेदादा) यांच्या ठायी ठळकपणे दिसते. रँग्लर र. पु. परांजपे १९०१ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या मुंबईतील स्वागताचे भाटवडेकरांनी चलच्चित्रण केले. मुंबईचेच नारायण विनायक विरकर यांनी जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर (१९१९) तेथील भिंतींवरील गोळ्यांच्या खुणांची छायाचित्रे घेतली. घटना घडून गेल्यावर तिचा पुरावा जपणे, हेही या व्यवसायाचे एक अंग असल्याचे त्यांतून दिसते.

या व्यवसायाचे स्वरूप होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. नवसारी येथे जन्मलेल्या होमाईंनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि माणेकशा व्यारावाला यांच्याकडून छायाचित्रण आत्मसात केले. बाँबे क्रॉनिकलने त्यांची आरंभीची चित्रे दर चित्रास एक रुपया या दराने स्वीकारली. प्रारंभी त्यांची चित्रे माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध होत. पुढे ‘डालडा १३’ हे टोपणनावही त्यांनी वापरले. १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या. फाळणीच्या योजनेवरील काँग्रेसचे मतदान, लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण, महात्मा गांधींचा अंत्यविधी इ. घटना त्यांनी टिपल्या. दिल्लीच्या वृत्तछायाचित्रकाराला स्थानिक घटना हीच राष्ट्रीय घटना असे, हे भाग्य जिल्ह्याच्या ठिकाणी क्वचितच लाभते. त्या वेळी त्यांच्याजवळ स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा असे. एक चित्र घेतल्यावर फिल्म व दीपनाचा (फ्लॅशचा) बल्ब बदलावा लागे. साहजिकच वक्ता हात केव्हा उचलील, याचा अंदाज आधीच बांधावा लागे. हे कौशल्य कोणत्याही पुस्तकातून मिळणारे नव्हते. छायाचित्रकारांच्या नव्या पिढीचे वर्तन न रुचल्याने १९७० मध्ये त्यांनी हा व्यवसाय सोडला. पद्मविभूषण हा सन्मान त्यांना २०११ मध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर चार दशकांनी लाभला.

छायाचित्र कोणाचे, हा प्रश्न या व्यवसायात सतत उपस्थित होत आला आहे. ब्रिटिश काळात लागू असलेल्या कायद्यानुसार मूळ निगेटिव्हचा धनी हाच छायाचित्राचा कर्ता मानला जाई. पत्राने फिल्म पुरविली असेल, तर छायाचित्रकाराची बाजू साहजिकच दुबळी ठरे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याने प्रत्यक्ष चित्र घेणाऱ्यास कर्ता मानले. पगारी नोकरीत घेतलेल्या चित्राचा वृत्तपत्रात प्रसिद्धीपुरता हक्क मालकाकडे व उर्वरित हक्क छायाचित्रकाराकडे, अशी त्यात विभागणी आहे. अर्थात करारात वेगळे ठरले नसेल तर. तत्पूर्वी १९५५ च्या श्रमिक पत्रकारविषयक कायद्याने वृत्तछायाचित्रकाराचा पत्रकारांत स्पष्ट उल्लेखाने समावेश केला होता. अशा रीतीने वार्ताहराच्या मागून पिशवी घेऊन चालणाऱ्या या माणसाला निदान कायद्यात तरी वार्ताहराच्या बरोबरीचे स्थान मिळाले.

अंकीय कॅमेऱ्यांच्या प्रसारानंतर निगेटिव्ह मागे पडली व भ्रमणध्वनीमुळे घटनास्थळी असलेला कोणीही छायाचित्रकार होऊ लागला. जुन्या स्थानिक संग्रहांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. दमट हवेत फिल्म बुरशीने खराब होते. पाकिटांवर तारीख व स्थळ लिहिलेले नसेल, तर शाबूत चित्रही इतिहासाच्या दृष्टीने मुके ठरते. प्रतिलिप्यधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रावरील हक्काची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत वाढविली. परंतु चित्राखाली नावच नसेल, तर ही मुदत कोणाच्या मृत्यूपासून मोजावयाची, हा प्रश्न संग्राहकांपुढे उभा राहतो.