घरघर आणि किणकिण: कानातल्या शांततेची कुळकथा

स्वारगेटला साताऱ्याची एसटी सुरू होऊन उभी असते. कंडक्टर खाली दाराशी ‘सातारा, सातारा, सातारा’ ओरडत असतो आणि इंजिनाच्या घरघरीने खिडकीची काच, पुढच्या बाकाची दांडी आणि आपल्या दाढासुद्धा थरथरत असतात. अशा वेळी मी एक प्रयोग बऱ्याचदा केला आहे. नॉइज कॅन्सलेशनवाले इअरबड काढायचे, गाणं लावायचं नाही, आणि आधी डाव्या, मग उजव्या कानात एकेक बसवायचा. दुसरा बसला की क्षणात घरघर विरते. पायाला ती कळत असते, पाठीला कळत असते, कानाला मात्र कळेनाशी होते. कंडक्टरचं ‘सातारा’ तरीही येतंच. दबकं, लांबून आल्यासारखं, पण येतं. मागच्या बाकावरच्या बाईंच्या बांगड्यांची किणकिण येते. पिशवीची चुरचुर येते.

आवाजाला मराठीत शब्द किती! घरघर, भणभण, गुरगुर, घोंघावणं, घुमणं ही एक जात. किणकिण, खणखण, टकटक, कलकलाट, किंचाळी ही दुसरी. शाळेच्या व्याकरणात मृदू व्यंजनं आणि कठोर व्यंजनं शिकवत, ते इथे आठवावं. खालच्या पट्टीतल्या, सलग चालणाऱ्या आवाजांना आपल्या भाषेने ग, घ, भ दिले आणि वरच्या पट्टीतल्या, तुटक आवाजांना क, ख, ट. इअरबडचं हे यंत्र कानात घातलं की ते जवळपास याच रेषेवर आवाजांची वाटणी करतं. मृदू व्यंजनांचे आवाज ते गिळतं, कठोर व्यंजनांचे सोडून देतं. ते असं का वागतं, हे त्याच्या कुळात दडलेलं आहे.

कुळाचा मूळपुरुष म्हणजे पॉल लुएग हा जर्मन शास्त्रज्ञ. त्याने २७ जानेवारी १९३३ रोजी जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. त्यानंतर तीनच दिवसांनी हिटलर चॅन्सेलर झाला. अमेरिकेतलं त्याचं पेटंट ९ जून १९३६ चं, क्रमांक २०४३४१६. आवाज म्हणजे हवेतली लाट, दाबाचा चढ आणि उतार. या लाटेला मायक्रोफोनने पकडायचं, तिची नेमकी उलटी लाट तयार करायची आणि लाउडस्पीकरमधून तिच्यावर सोडायची. चढावर उतार येऊन बसला की हवा स्थिर आणि कान शांत. एका आवाजाने दुसरा आवाज मारायचा. कागदावर हे पूर्ण होतं. लुएगच्या काळातल्या काचेच्या व्हॉल्व्हना मात्र तेवढी चपळाई नव्हती, त्यामुळे पेटंट कागदावरच राहिलं.

चपळाई किती लागते, ते एकदा आकड्यांत पाहू, कारण सगळं मर्म तिथे आहे. सेकंदाला १०० कंपनांच्या घरघरीची एक लाट हवेत जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते आणि तिला पुरी व्हायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. यंत्राला उत्तर द्यायला सेकंदाचा दहाहजारावा भाग उशीर झाला, तरी तो लाटेच्या एक टक्का. काही बिघडत नाही. बांगडीच्या आवाजात सेकंदाला ३,००० आणि त्याहून जास्त कंपनं असतात. तिथली लाट अकरा-साडेअकरा सेंटिमीटरची. तेवढाच उशीर आता लाटेचा तीस टक्के भाग होतो. आणि गणित असं आहे की, उलटी लाट एक षष्ठांशापेक्षा जास्त चुकली, तर ती मूळ आवाज कमी करायचं सोडून वाढवायला लागते. म्हणून शहाणं यंत्र बांगडीच्या वाटेला जातच नाही. साधारण हजार कंपनांच्या पुढचं सगळं काम ते कान बुजवणाऱ्या रबरावर सोपवतं.

लुएगनंतर हे काम अमेरिकेत गेलं. आरसीए कंपनीतल्या हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी १९५३ मध्ये डोक्याभोवतीच्या थोड्याशा जागेत शांतता करणारं यंत्र मांडलं. विमानातल्या खुर्चीला ते लावावं, असा त्यांचा विचार होता. लॉरेन्स फोगेल यांनी त्याच दशकात वैमानिकांच्या कानांसाठी पेटंट घेतली. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर विमान किंवा हेलिकॉप्टरच होतं, आणि तिथला आवाज म्हणजे तासन्‌तास चालणारी घरघर.

मग १९७८ साल. झुरिकहून बोस्टनला निघालेल्या विमानात एमआयटीतले एक प्राध्यापक बसले होते, अमर बोस. वडील ननीगोपाल बोस कलकत्त्याचे, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत तुरुंग भोगून १९२० मध्ये अमेरिकेला निसटलेले. मुलगा फिलाडेल्फियात वाढला, किशोरवयातच रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावू लागला. पुढे एमआयटीत शिकला आणि तिथेच शिकवूही लागला. १९६४ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची स्पीकरची कंपनी काढली. तोवर विमानात मिळणारे हेडफोन म्हणजे डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी पोकळ नळी असायची. त्या दिवशी विमान कंपनीने नवे इलेक्ट्रॉनिक हेडफोन दिले. बोस यांनी उत्सुकतेने कानांना लावले आणि हिरमुसले. इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडालं होतं. आवाज वाढवला तर कान दुखणार, कमी केला तर ऐकू येणार नाही. बोस्टन यायच्या आत त्यांनी तिथेच बसून गणित मांडलं होतं.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. हजारो प्रवाशांनी तीच कुरकुर केली असेल आणि हेडफोन काढून ठेवले असतील. या माणसाने वही काढली.

गणित एका प्रवासात झालं, वस्तू व्हायला दशक गेलं. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून, कुठेही न उतरता आणि वाटेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. इंजिनाच्या सततच्या आवाजात त्यांचे कान वाचावेत म्हणून बोसचे प्रायोगिक हेडसेट त्यांच्याबरोबर होते. जर्मनीत सेनहायझर कंपनीही लुफ्तान्साच्या वैमानिकांसाठी त्याच दिशेने काम करत होती. १९८९ मध्ये बोसने वैमानिकांचा हेडसेट बाजारात आणला. तुमच्या-आमच्यासाठी पहिला ‘क्वाएटकम्फर्ट’ आला तो २००० मध्ये. कान झाकणाऱ्या मोठ्या वाट्या, आणि वायरीवर सेलची एक डबी लटकलेली. २०१३ मध्ये तीच करामत वायरीच्या टोकावरच्या, कानात बसणाऱ्या गोळीत आली. सेलची डबी मात्र तेव्हाही वायरीला होतीच, फक्त चपटी झाली होती.

इथवर बोसचं घराणं झालं. कानातल्या बडचं मातुलघराणं वेगळं आहे. एर्नेस्त मेर्कादिए या फ्रेंच इंजिनिअरने १८९१ मध्ये टेलिफोन ऑपरेटरसाठी कानाच्या भोकात बसणारी रिसीव्हरची जोडी पेटंट केली. तिच्या टोकांना रबराच्या टोप्या होत्या. कानाला टोचू नये, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आज इअरबडच्या डब्यात तीन-चार मापांच्या ज्या टिप येतात, त्यांची पणजी ती. बर्लिनच्या माक्स नेगवेरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेणकापसाचे बोळे विकायला काढले आणि त्यांना जर्मन ‘कान’ व लॅटिन ‘शांती’ जोडून ओरोपाक्स नाव दिलं, तेही याच घरचे.

या घरात वाढलेली कंपनी म्हणजे सोनी. १ जुलै १९७९ ला तिने वॉकमन बाजारात आणला आणि माणूस गाणं ऐकत चालायला लागला. सोनीचा कानाशी संबंध गाण्यामुळे जडला. घरघर तिच्या दृष्टीने गाण्याच्या वाटेतला अडथळा. बोसचं उलट. तिथे घरघर हाच मूळ प्रश्न, गाणं त्यानंतर. २०१७ मध्ये सोनीने वायरच काढून टाकलेले, नॉइज कॅन्सलेशन असलेले सुटे बड आणले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलचे एअरपॉड्स प्रो आले आणि ही वस्तू घरोघरी माहीत झाली. बोसचे असे बड २०२० मध्ये आले.

२०२३ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने या दोन घराण्यांतून एकेक जोडी बाहेर पडली. सोनीचे डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ आणि बोसचे क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा. तेव्हा आपल्याकडे दोन्हींची किंमत २५ हजारांच्या आसपास होती. मी दोन्ही बरेच दिवस वापरले आहेत, आणि त्यांच्यातला फरक मला कुळावरूनच नीट उमगला.

यंत्रणा दोन्हींची सारखीच. प्रत्येक बडला बाहेर माइक आणि आतही माइक. बाहेरचा माइक येणारा आवाज आधीच टिपतो आणि अंदाजाने उलटी लाट पाठवतो. आतला माइक कानाच्या पोकळीत प्रत्यक्ष काय पोचलं, ते ऐकून सुधारणा करतो. आमटीत सवयीच्या हाताने मीठ घालायचं, आणि मग चमच्याने चाखून पाहायचं, तसं. बोसने या चाखण्यावर जास्त भर दिला आहे. बड कानात बसला की एक छोटासा सूर वाजतो. तो स्वागताचा वाटतो, पण आतला माइक त्यावरून तुमच्या कानाच्या नळीत आवाज कसा घुमतो ते मोजतो आणि त्याप्रमाणे गाणं आणि शांतता दोन्ही जुळवतो. दर वेळी नव्याने. कारण बड रोज एकसारखा बसत नाही.

सोनीने भर दिला तो मेर्कादिएच्या टोपीवर. तिच्या टिप फोमच्या, चार मापांच्या. बोटांत दाबून बारीक करायची, कानात सरकवायची आणि ती फुगेपर्यंत दोन-चार सेकंद धरून ठेवायची. हे धरणं बरेच जण करत नाहीत आणि मग बड वाईट म्हणतात. नीट बसली तर बांगड्यांची किणकिण सोनीत जास्त दबते. एसटीची घरघर, एसीचा घुमारा, विमानाचं इंजिन हे बोसमध्ये जास्त बुडतं. गाण्यात सोनी पुढे. तबल्याची चाट आणि बायाँची घुमक वेगवेगळी राहतात, तानपुरा मागे सरकत नाही. बोस बायाँला थोडा फुगवतो. सोनीचा एक बड ५.९ ग्रॅमचा, शांतता सुरू ठेवून आठ तास चालणारा. बोसचा सव्वासहा ग्रॅमच्या घरात, सहा तासांचा. बोसची डबी जाड, आणि वायरीशिवाय चार्ज करायची तर तिला वेगळं कव्हर विकत घ्यावं लागत असे. एवढ्या किमतीत हे मला पटलं नाही.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. काहींना हे बड घातले की कानाला दडे बसल्यासारखे वाटतात, खंडाळ्याचा घाट चढताना बसतात तसे. हवेचा दाब बदललेला नसतो. खालच्या पट्टीतले आवाज एकदम नाहीसे झाले की मेंदू त्याचा अर्थ दाब असा लावतो, असं समजलं जातं. बहुतेकांना चार दिवसांत सवय होते. ज्यांना होत नाही, त्यांनी हट्ट करू नये.

आणि गणपतीत ढोलताशा पथकाजवळ उभं राहून यांच्यावर विसंबू नये. ढोलाचा घुमारा थोडा खाली बसतो, ताशाची कडकड रबराला न जुमानता आत येते, आणि कान वाचल्याचा भास मात्र होतो. तिथे कानांसाठीच बनवलेले बोळे लागतात. रूळ किंवा रस्ता ओलांडताना तर बड काढून खिशात ठेवावेत. येणाऱ्या गाडीची घरघर गिळणं हेच तर यांचं काम आहे.

माझा निवाडा असा. महिन्यातून दोनदा विमानाने किंवा रोज एसी बसने जाणाऱ्याने बोस घ्यावा. घरात बसून किशोरीताई किंवा भीमसेनजी ऐकणाऱ्याने, ज्याच्या घरात टीव्ही आणि पोरांचा कलकलाट आहे, त्याने सोनी घ्यावा. कुकरची शिट्टी दोघांतही ऐकू येणार आहे.

घेण्याआधी ओळखीच्या कुणाचे तरी बड मागून घ्या, टिप पुसा आणि सुरू होऊन उभ्या असलेल्या एसटीत जाऊन बसा. सगळ्या मापांच्या टिप घालून पाहा, दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी चालेल. आणि कृपा करून गाणं लावू नका. आधी पाच मिनिटं नुसतं ऐका.