'पळून गेलाय, येईल परत'

आज आपण घर सोडून पळालेल्या मुलांचा इतिहास पाहणार आहोत. खरं तर मुलांचा कमी, त्यांना शोधत फिरणाऱ्या आईबापांचा जास्त.

सुरुवात एका शर्टापासून करू. गदगला गुरुराज जोशी नावाचे शिक्षक होते. त्यांचा मुलगा लहानपणी भजनाच्या मिरवणुकीमागे चालत सुटायचा आणि दमला की कुठेही झोपून जायचा. शेवटी वैतागून मास्तरांनी त्याच्या शर्टावर लिहिलं, 'जोशी मास्तरांचा मुलगा'. म्हणजे ज्याला सापडेल त्यानं घरी आणून सोडावं. 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, हा मुलगा गुरू शोधायला खरोखरच निघून गेला. (तुपावरून रुसवा झाला होता, असंही सांगतात.) विनातिकीट, डब्यात गाणी म्हणत, ग्वाल्हेर करत तो जालंधरपर्यंत पोचला. वडिलांनी त्याला शोधून परत आणलं. पुढे तो कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकला. हेच पंडित भीमसेन जोशी.

ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, कारण शेवट आपल्याला ठाऊक आहे. मास्तरांना तो ठाऊक नव्हता. आणि त्याच रेल्वेनं गेलेल्या इतर किती मुलांची गोष्ट कुणी सांगितलीच नाही, हे लक्षात ठेवू.

सरकारची नजर मात्र वेगळी होती. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचं सुधारगृह 1857 चं, ते मुळात बालगुन्हेगारांसाठी. पुढे 1924 चा मुंबई बालक कायदा आला. त्यात गुन्हा केलेलं मूल आणि निराधार मूल यांची सोय एकाच कायद्यात होती, बरेचदा एकाच छपराखाली. म्हणून 'रिमांड होममध्ये टाकीन' ही घराघरातली धमकी झाली. तिचा परिणाम पाहा. फलाटावर उतरलेलं मूल पोलिसाला घाबरून खरं नाव, खरा पत्ता सांगत नाही. गोड बोलून काम देऊ म्हणणाऱ्या दलालामागे मात्र जातं. पहिल्या काही तासांत त्याच्याशी आधी कोण बोललं, यावर पुढचं सगळं ठरतं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून 1996 मध्ये मुंबईत 1098 ही हेल्पलाइन सुरू झाली, ती याच तासांसाठी. हा नंबर मुलांना पाठ व्हावा म्हणून 'दस नौ आठ' असा म्हणायचा.

आता आईबापांकडे येऊ. डिसेंबर 2006 मध्ये नोएडातल्या निठारीत नाल्यातून मुलांचे अवशेष निघाले. त्याआधी कित्येक महिने पालक पोलिसांकडे खेटे घालत होते. आपली तक्रार कुणी मनावर घेतली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 'पळून गेलाय, येईल परत' हे वाक्य ठाण्यात ऐकलेले पालक आपल्याकडेही आहेत. आम्हाला हे वाक्य या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महागडं वाटतं, कारण त्यात शोधाचे पहिले दिवस जातात.

मे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर आदेश दिला. मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर एफआयआर नोंदवायचा आणि सुरुवातीला अपहरण किंवा तस्करी झाली, असंच गृहीत धरायचं. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं पळून आलेल्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांत स्पष्टपणे घातलं.

तरीही ठाण्यातला पहिला प्रश्न बहुधा तोच असतो, 'घरात भांडण झालं होतं का?' तपासाला तो लागतोही. पण तो ऐकून बापाची मान खाली जाते आणि पुढचं सांगायचं राहून जातं.