माणगावचा नाईक

सनीव्हेलहून सॅन फ्रान्सिस्कोकडे १०१ हायवेने निघालं की उजव्या हाताला मॉफेट फील्डचं अजस्र हँगर दिसतं. १९३३ साली नौदलाचा हा तळ सनीव्हेलच्याच नावाने सुरू झाला. त्याच वर्षी 'अॅक्रन' हे हवाईजहाज समुद्रात कोसळून अॅडमिरल मॉफेट गेले आणि इथल्या विमानतळाला त्यांचं नाव मिळालं. आज ट्रॅफिकच्या बातम्यांतसुद्धा ते नाव कानावर येतं.

११ नोव्हेंबरला मुलांना सुट्टी असते. १९१८ साली याच दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं. १९५४ पासून अमेरिकेत हा साऱ्या माजी सैनिकांचा दिवस झाला. अशाच एका सुट्टीला लेकीने विचारलं, "बाबा, आपल्या गावाकडचं कुणी होतं का युद्धात?"

होतं की! नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले (तेव्हाचा कुलाबा जिल्हा), पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्यांची अख्खी तुकडी आडवी केली. उभे राहिले एकटे घाडगे. ते थेट त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन. गोळ्या संपल्यावर मॅगझिन बदलायलाही वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घाव घातले. नंतर दडलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना टिपलं. वय अवघं २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे.

आणि दिल्लीत? इंडिया गेटवर १३ हजारांवर नावं आहेत, ती पहिल्या महायुद्धाच्या आणि तिसऱ्या अफगाण युद्धाच्या काळातली. २०१९ साली उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर सुरुवातीलाच २५,९४२ नावं कोरली होती, पण ती स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची. घाडग्यांचं युद्ध नेमकं या दोहोंच्या मधे सापडलं! साहेबाच्या फौजेत लढलेल्यांना १९४७ नंतर कुठे बसवायचं, हा पेचच होता म्हणा. मला तो पेच पटत नाही. हुकूम कुणाचाही असो, पोरगा कोकणातल्या घरातून गेला होता.

इटलीला मात्र तो पेच पडला नाही. जुलै २०२३ मध्ये पेरूजियाजवळच्या मॉन्टोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं. त्यावरच्या वाक्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

माणगावातही घाडग्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना आम्ही तिथे कितीदा थांबलो असू, पण चहापुरतेच. पुढच्या भारतवारीत लेकीला पुतळा दाखवायचा आहे.