खरे बोलणारा चोर

चोर हे पात्र आपल्या रंगभूमीला नवे नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक हा मराठी प्रेक्षकाला गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपांतरामुळे घरच्यासारखा ओळखीचा झाला. हा शर्विलक ब्राह्मण. वसंतसेनेची दासी मदनिका हिला दास्यातून सोडविण्यासाठी पैसा हवा म्हणून तो चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. भोक कोणत्या आकाराचे पाडावे, उमलत्या कमळासारखे की पूर्णकुंभासारखे, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो. मापाची दोरी विसरल्याचे ध्यानात येताच गळ्यातील यज्ञोपवीतच दोरीच्या कामी येते, आणि ब्राह्मणाला जानवे किती उपयोगी पडते याचे तो स्वतःशीच कौतुकही करतो. सकाळी उठल्यावर चारुदत्तालाही प्रथम त्या भोकाच्या सुबकपणाचे नवल वाटते. दागिने गेल्याचे दुःख मागाहून येते.

शर्विलकाच्या ठायी चौर्य ही विद्या आहे, आणि असत्य हे त्या विद्येचे जुळे भावंड. चोरलेले दागिने वसंतसेनेचेच आहेत असे कळल्यावर मदनिकेच्या सल्ल्याने तो ते चारुदत्ताने धाडले असे सांगून परत करतो. वसंतसेनेने सारे आडून ऐकलेले असते. तीही त्या लबाडीत गोड मनाने सामील होते आणि मदनिकेला त्याच्या हाती देते. चौथ्या अंकाचा सारा गोडवा या एका सोज्वळ असत्यावर उभा आहे. पुढे हाच शर्विलक पालक राजाला मारून आर्यकाला सिंहासनावर बसवितो. चोराच्या हातून राज्यक्रांती व्हावी हे शूद्रकाला मुळीच विपरीत वाटले नाही.

हे नाटक १९५८ साली एका निराळ्याच वाटेने छत्तीसगडात पोचले. रायपूर येथे १ सप्टेंबर १९२३ रोजी जन्मलेले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झालेले हबीब तनवीर त्या वर्षी युरोपातील नाट्यशिक्षण व प्रवास आटोपून मायदेशी परतले होते. रायपूर तोवर नुकतेच नागपूरच्या छायेतून बाहेर पडले होते. भोसल्यांच्या काळापासून या मुलखाचा कारभार नागपूरशी बांधलेला होता, आणि १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मध्यप्रांताची राजधानीही तेच शहर होते. घरी आलेल्या तनवीरांनी रायपुरात एका रात्री नाचा पाहिला. नाचा म्हणजे छत्तीसगडचा लोकनाट्यप्रकार. आपल्याकडील तमाशाशी त्याचे दूरचे नाते सांगता येईल. परंतु नाचात स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुषच करीत, आणि खेळ रात्री सुरू झाला की उजाडेपर्यंत चाले. मदनलाल, ठाकूरराम, बाबूदास, भुलवाराम, लालूराम, जगमोहन अशा सहा नटांना घेऊन तनवीर दिल्लीला गेले आणि त्यांनी 'मिट्टी की गाडी' या नावाने 'मृच्छकटिक' उभे केले.

विद्वानांना हा संकर प्रथम चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही. तथापि थोडा विचार केला असता असे दिसते की, संस्कृत नाटकाच्या पद्धती शहरी नटापेक्षा या खेडूत नटांना अधिक जवळच्या होत्या. 'मृच्छकटिका'त पात्र रंगभूमीवर एक फेरी मारते आणि दुसऱ्या गल्लीत पोचते. पडदा बदलावा लागत नाही. नाचातील नटाला हे कोणी शिकवावयाचे कारणच नव्हते. त्याने जन्मभर मोकळ्या पटांगणात याच रीतीने गाव, नदी, कचेरी आणि राजवाडा उभा केलेला असतो.

एक गोष्ट मात्र तनवीरांना उमगावयास वर्षे लागली. शूद्रकाच्या नाटकात पात्रागणिक प्राकृताचे प्रकार बदलतात. सामान्य माणसे आपापल्या बोलीत बोलतात. तनवीरांचे नट मात्र हिंदीत बोलू लागले की अवघडून जात. १९५९ साली मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी 'नया थिएटर' ही संस्था काढली, पण हे अवघडलेपण संपले नाही. १९७३ साली रायपुरात नाचाच्या कलावंतांची कार्यशाळा झाली. त्या सुमारास त्यांनी नटांना छत्तीसगढीत बोलू दिले, त्यांच्या हालचालींवरील दिग्दर्शकी खुणा पुसून टाकल्या, आणि मग सारे वेगळे घडू लागले. बोली हे केवळ संवादाचे साधन नसून नटाच्या अंगाचा तोल तिच्यात असतो, हे एवढ्या विलंबाने कळावे याला शिक्षणच कारण असावे.

याच मोकळिकीतून दुसरा चोर जन्मास आला, तो चरणदास. 'चरणदास चोर' हे नाटक १९७४-७५ च्या सुमारास घडत गेले. मूळ कथा राजस्थानी लेखक विजयदान देथा यांनी सांगितलेली. परंतु छत्तीसगडच्या मातीत पडल्यावर तिला निराळेच कोंब फुटले.

कथा थोडक्यात अशी. पाठलाग करणाऱ्या शिपायापासून पळताना चरणदास एका गुरूच्या आश्रयाला येतो. तेथे थट्टेच्या भरात तो चार प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणुकीत जाणार नाही, राणीशी लग्न करणार नाही आणि राजा होणार नाही. दरिद्री चोराला या गोष्टी सोडावयास काहीच पडत नाही. हाती येण्याचा संभवच नाही तर त्याग कसला? गुरू पाचवी प्रतिज्ञा मागतो. चोरी सोडणे चरणदासाला अशक्य, तो तर त्याचा धंदा. तेव्हा खोटे बोलणार नाही, एवढे तो कबूल करतो. आणि नाटकाची सारी गंमत, सारा अनर्थही, याच एका कबुलीत आहे.

शर्विलक आणि चरणदास यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो. एक चोरी करताना शास्त्राचा आधार घेतो, पण सत्याशी त्याचे बंधन नाही. दुसऱ्याला शास्त्र ठाऊक नाही, पण वचन ठाऊक आहे. चरणदास मालगुजाराचे धान्य चोरून भुकेल्यांना वाटतो. मालगुजार हा शब्द विदर्भातील वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. कायद्याने ती पद्धत १९५१ साली संपली, माणसे मात्र इतक्या लवकर संपत नाहीत. बाईचे दागिने तो चोरतो आणि तिचे रडणे पाहून परतही करतो.

या नाटकातील ज्या पात्रावर समीक्षकांनी फारसे थांबू नये याचे आश्चर्य वाटते, ते पात्र म्हणजे खजिन्यातील मुनीम. चरणदास राजकोशात शिरून फक्त पाच मोहरा घेतो. आपण राणीच्या खजिन्यातही चोरी करू शकतो, एवढेच त्याला सिद्ध करावयाचे असते. चोरी झाल्याचे पाहून मुनीम आणखी पाच मोहरा स्वतःच्या खिशात टाकतो आणि दहा गेल्याचे कळवितो. ज्यांनी सरकारी दफ्तरांत आयुष्य घालविले त्यांना हा प्रसंग हसवितो आणि लगेच गंभीरही करतो. चोराने भिंत ओलांडली; मुनीमाने काहीच ओलांडले नाही, त्याने केवळ एक आकडा बदलला. किल्ली त्याच्याकडे, वही त्याच्याकडे आणि विश्वासही त्याच्यावरच. दरबारात चरणदास पाचच मोहरांची कबुली देतो आणि मुनीमाची लबाडी उघडी पडते. चोराच्या साक्षीवर हिशेब तपासला जावा, ही नाटककाराची कल्पना मोठी मार्मिक आहे. राज्यात सत्य सांगणारा एकच माणूस आहे, आणि तो कैदी आहे.

येथून थट्टा मागे पडते. राणी चरणदासावर प्रसन्न होते आणि त्याला सन्मान देऊ पाहते. हत्तीवरून मिरवणूक, सोन्याच्या ताटात भोजन, अखेर स्वतःचा हात आणि त्याबरोबर सिंहासन. विनोदात सोडलेली प्रत्येक गोष्ट दारात येऊन उभी राहते, आणि चरणदास प्रत्येक वेळी नाही म्हणतो. राणी दुष्ट नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. फिदाबाईंनी ती भूमिका केली तेव्हा राणीतील एकाकी स्त्री लपली नाही. नकार मिळाल्यावर तिची मागणी अगदी लहान असते: हे कोणाला सांगू नकोस. दुसरा कोणी असता तर एवढे सहज कबूल करून सुटला असता. चरणदासाला ते जमत नाही. कोणी विचारले तर त्याला खरे सांगावे लागेल. राणीच्या आज्ञेने त्याचा वध होतो. ज्या सत्तेने त्याची चोरी क्षमा केली, तिला त्याचे सत्य क्षमा करता आले नाही. शर्विलकाने राजाला मारून राज्य बदलले. चरणदास राज्य नाकारून मरतो, आणि मेल्यावर लोक त्याला देव करतात.

हा शेवट छत्तीसगडात रुजला याला कारण आहे. 'सतनाम', म्हणजे सत्य हाच ईश्वर, ही शिकवण गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील अस्पृश्य मानलेल्या जनतेला दिली. सतनामी समाजाचे पंथी नृत्य व गीत तनवीरांनी नाटकात आणले. त्यामुळे राजस्थानी कथेतील चतुर चोर छत्तीसगडात आल्यावर सत्याचा हुतात्मा झाला.

त्याच १९७५ साली श्याम बेनेगलांनी बालचित्र समितीसाठी या कथेचा चित्रपट केला. लालूराम चरणदास झाले, मदनलाल त्याचा सोबती बुद्धू, आणि राजघराण्यातील नायिकेच्या भूमिकेत स्मिता पाटील प्रथम पडद्यावर दिसल्या. गोविंद निहलानींचे छायाचित्रण कृष्णधवल आहे. चित्रपट बालकांसाठी असल्यामुळे त्याला लोककथेचा हलकेपणा आला. त्यात उघडे माळ, वाटा आणि गाढवे यांना भरपूर जागा मिळाली. पण रंगभूमीवर शेवटी जो धक्का बसतो तो पडद्यावर बसत नाही. प्रेक्षकांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, नुकताच हसविणारा माणूस मरून पडणे ही गोष्ट निराळी. नाटकाला १९८२ साली एडिंबरो महोत्सवात 'फ्रिंज फर्स्ट' हा सन्मान मिळाला. छत्तीसगढीचा शब्दही न समजणाऱ्या प्रेक्षकांना तेव्हा मुनीम आणि राणी मात्र नीट समजली असावीत.

हबीब तनवीर ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे निवर्तले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, छत्तीसगड राज्याच्या शाळांतील वाचन सप्ताहाच्या यादीतून 'चरणदास चोर' हे पुस्तक काढून घेण्यात आले. पुस्तकातील काही उल्लेखांमुळे सतनामी समाजाचा अवमान होतो असा आक्षेप होता. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या हिणविले गेले त्याने आपल्या नावाजवळ 'चोर' हा शब्द आलेला पाहून दुखावून जावे, यात अस्वाभाविक काही नाही. त्या वेदनेला रंगकर्मींनी केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होते. पण आक्षेपाला उत्तर म्हणून पुस्तक कपाटातून उचलून नेणे हा शासकीय सोयीचा मार्ग होता. वर्गात शिक्षकाने ते उघडून, या चोराला सत्य कोणी शिकविले असे मुलांना विचारले असते, तर घासीदासांचे नाव आदरानेच निघाले असते.

चरणदासाची भूमिका वर्षानुवर्षे करणारे गोविंदराम निर्मलकर यांना त्याच २००९ साली 'पद्मश्री' मिळाली होती.