चान्या, कण्या आणि मिलो

आपल्या इतिहासात तळं आहे, मोर्चे आहेत, ठराव आहेत. चूल नाही.

१९२७च्या मार्चात महाडला परिषद भरली. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, बाबासाहेबांनी सांगितलं. गावोगाव लोकांनी सोडलं. पण नेमकं काय सोडलं? चान्या. ढोर पडलं की मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, उन्हात वाळवायच्या, मडक्यात भरायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की मूठभर चान्या, भरपूर पाणी, वर पीठ लावलं की घरादाराचं कालवण. महारकीनं गळ्यात बांधलेलं खाणं ते, त्याचे गोडवे नकोत. पण मडकं रिकामं झालं हे आधी कळलं आईला.

मग तिनं ज्वारी भरडून कण्या शिजवल्या. कण्या फुगतात, तेवढ्याच दाण्यात एक ताट जास्त. पिठात पाणी वाढवून आंबिल. बांधावरचा तरवटा, घोळ, पाथरी. आधी पोरं, मग घरधनी, उरलं तर ती.

१९७२चा दुष्काळ. अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, दुष्काळी कामावर सुकडी. कैक बायांनी ती पदरात बांधून पोरांसाठी घरी नेली. त्याच साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध बायांना घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणं मोर्चा म्हणून नाव राहिलं. खडी फोडणारीच्या घरात लाटणं कुठलं? भाकर हातानं थापतात.

त्या म्हाताऱ्या अजून काही आहेत. वही घेऊन बसा त्यांच्यापाशी. किती थापायचीस आणि तू किती खायचीस, दोन्ही विचारा.