सेवा आणि वेतन : एका जुन्या वादाचा बोध

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील ज्ञातिबांधवांमध्ये एका प्रश्नावरून बराच वाद झाला. वसतिगृहाच्या कारभारास पूर्ण वेळ देणारा मनुष्य हवा आहे. कार्यकारिणीतीलच एक सभासद ते काम पत्करण्यास तयार आहेत. परंतु त्यांना वेतन द्यावे काय? काही म्हणाले, वेतन घेतले की सेवा उरली कोठे? काहींनी उलट विचारले, घरदार असलेल्या माणसाने फुकट किती दिवस राबावे? निर्णय पुढील सभेवर गेला. तत्पूर्वी पुण्यात घडलेला एक जुना इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच आगरकर त्यांस येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या संस्थेत चालक निराळे आणि नोकर निराळे असा भेद नव्हता. जे आजीव सभासद वर्गात शिकवीत, तेच मंडळात बसून कारभार पाहत. २० वर्षे सेवेचे वचन आणि दरमहा ७५ रुपये, असा तो बेत होता. अशा विद्वानांस सरकारी नोकरीत याहून पुष्कळ अधिक मिळाले असते. म्हणजे ते वेतन घेत होते आणि त्यागही करीत होते. वेतन घेणारा तो सेवक नव्हे, असे म्हणणारांनी प्रथम टिळक-आगरकरांचा विचार करावा.

परंतु या घरातही कलह शिरला. १८८७ च्या सुमारास वेतनवाढीचा प्रश्न निघाला. प्रपंचाच्या गरजा वाढल्या, तेव्हा वेतन वाढावे, असा आगरकरांच्या बाजूचा आग्रह होता. सर्वांचे वेतन सारखे राहावे व सभासदाने आपली सारी शक्ती संस्थेसच द्यावी, हा टिळकांचा आग्रह. संपत्तीची आशा धरू नकोस, असे पत्राने आपल्या आईस कळविणारे आगरकरच वेतनवाढीच्या बाजूस उभे राहिले, यात आम्हांस ढोंग दिसत नाही, संसार दिसतो. पुढे गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा वाद विकोपास गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला.

टिळकांचा नियम शुद्ध होता, हे खरे. परंतु तो शब्दशः चालविला असता, तर १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकविण्यास आलेल्या धोंडो केशव कर्व्यांना १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढण्याचे काम कितपत करता आले असते? म्हणून दोष एका पक्षाचा म्हणवत नाही. ज्यांच्या वेतनाचा प्रश्न, तेच सभेत मत देणारे. त्यामुळे हिशेबाची गोष्ट मैत्रीची गोष्ट होऊन बसली.

याचा लहानसा अनुभव आमच्या गाठीस आहे. शिक्षक असताना एका संस्थेचे चिटणीसपद आमच्याकडे होते. हिशेब लिहिण्याचे मानधनही आम्हीच घेत असू. ते ज्या सभेत ठरले, त्या सभेत आम्ही बसून होतो. कोणी विरोध केला नाही. पण त्या दिवसापासून आम्हांस हिशेबाचा उघड प्रश्नही कोणी विचारला नाही. मागे मात्र कुजबुज चाले. आमची पै न् पै चोख होती, तरी त्या दिवशी आम्ही उठून बाहेर जावयास हवे होते, ही खंत आजही आहे.

खासगी विश्वस्तनिधींविषयीचा १८८२ चा कायदाही, तशी तरतूद आधी नसल्यास विश्वस्तास मेहनतान्याचा हक्क देत नाही. त्यातील तत्त्व आपणही घ्यावे. वेतन अवश्य द्यावे. परंतु काम, रक्कम व मुदत आधी लिहून ठरवावी, ठरविताना त्या गृहस्थांनी सभेबाहेर राहावे, आणि हिशेब दुसऱ्याने तपासावा. यात अविश्वास नाही. प्रामाणिक माणसाचे ते कवच आहे.

असो. वसतिगृहातील मुलांना वेळेवर भात मिळावा आणि भात वाढणाऱ्याची मान ताठ राहावी, एवढेच आमचे मागणे आहे.