खिशातल्या मोबाइलवरून बातमीदारी: नगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसाठी

पाथर्डी तालुक्यातील दोन भावांची तक्रार होती की, घरात घुसून झालेल्या प्रकाराची पोलीस नीट दखल घेत नाहीत. २०२२ मध्ये त्यांच्यापैकी एकाने पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याशी झालेले बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड केले. झाले उलटेच. या दोघांवरच शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा दाखल झाला. म्हणजे हेरगिरीसाठी केलेला ब्रिटिशकालीन कायदा एका फिर्यादीच्या मोबाइलवर चालवला गेला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आरोप रद्द केला. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. बाकीच्या कलमांचा निर्णय मात्र खालच्या न्यायालयावर सोडला. वर्ध्याच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठानेही २०२२ मध्ये हेच म्हटले होते.

ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला गेलेल्या कुटुंबाला सकाळपासून बाकावर बसवून ठेवायचे आणि संध्याकाळी ‘आपसात मिटवून घ्या’ म्हणायचे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या निकालाची किंमत वेगळी सांगायला नको. ठाण्यात रेकॉर्डिंग केले म्हणून गुपिते कायदा लागत नाही. पण आवाज चढवला, धमकी दिली, कामात अडथळा आणला तर दुसरी कलमे तयारच असतात. म्हणून फोन चालू ठेवावा आणि तोंड शांत ठेवावे.

हा लेख मोबाइलवरून बातमी करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी आहे. कोणता फोन, कोणता माइक, कोणते सिम हे त्यात आहेच. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की हवी. आपण बातमी आजच्या व्हॉट्सॲप स्टेटससाठी करतो की तीन-चार वर्षांनी कोर्टात उभी राहील अशी करतो?

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला रक्ताचा संदर्भ आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे आपल्या समाजातील १७ वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. राज्यभर मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. त्याच्या उलट नेवासा तालुक्यातील सोनई प्रकरण. जानेवारी २०१३ मध्ये मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली होती. परिस्थितीजन्य पुराव्यावर उभ्या राहिलेल्या या खटल्यात नाशिकच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला सोडले, पण इतरांची शिक्षा कायम ठेवली.

फितूर होणाऱ्याला शिव्या देणे सोपे आहे. त्याला गावातच राहायचे असते, मजुरी त्यांच्याच शेतात करायची असते, पाणीही त्यांच्याच विहिरीवरून आणायचे असते. म्हणून माणसाच्या साक्षीवरचा भार जितका कमी करता येईल तितका करावा. पहिल्या तासात काढलेले फोटो, जखमींचे पहिले बोलणे, मोडलेल्या दाराचा व्हिडिओ यांचा उपयोग इथे आहे.

या जिल्ह्याला हे काम नवे नाही. नेवासा तालुक्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक साप्ताहिक चालवले. १९१० मध्ये सुरू झालेले हे पत्र अनेक दशके टिकले. बातमी करायला शहर लागत नाही, हे तरवडीने तेव्हाच दाखवले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. त्या काळी अडथळा छापखान्याचा, कागदाचा आणि टपालाचा होता. आज तो दहा हजारांच्या फोनपर्यंत खाली आला आहे. उत्तर प्रदेशातील चित्रकूटमधून २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’च्या दलित महिला पत्रकार छापील अंकावरून मोबाइलवर आल्या, तेव्हा त्यांच्यातील काहींच्या घरी फोन चार्ज करायला वीजही नव्हती. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ च्या ऑस्करच्या अंतिम यादीत होता. मंडळाच्या बैठकीत एकदा सर्वांनी मिळून पाहावा.

साधने

महागडा फोन लागत नाही. दहा हजारांच्या आसपासचा साधा अँड्रॉइड फोन पुरतो. घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा तीन गोष्टी पाहा: साठवण किमान १२८ जीबी, मोठी बॅटरी आणि मेमरी कार्डाची सोय. हेडफोनचे गोल छिद्र असेल तर उत्तम, कारण स्वस्त वायरचा माइक थेट लागतो. जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढा. मग इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून काळ्या यादीत असेल तर कळते. चोरीचा फोन घेऊन अत्याचाराची बातमी करायला गेलो, तर पहिला आरोपी आपणच ठरू.

पहिला जादा पैसा माइकवर घाला. लोक हलणारे चित्र सहन करतात, पण ऐकू न येणारा आवाज सहन करत नाहीत. काही शे रुपयांत वायरचा कॉलर माइक मिळतो. तेही नसेल तर साध्या इअरफोनचा माइक बोलणाऱ्याच्या गळ्याशी धरा, आश्चर्य वाटेल इतका फरक पडतो. पारनेर-पाथर्डीच्या माळरानावर वारा असतो, त्यासाठी माइकवर स्पंजची टोपी हवी. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर मुलाखत घेऊ नये. बोलणाऱ्याला गल्लीत आत न्या.

दुसरा पैसा पॉवर बँकेवर. दहा हजार एमएएचची पॉवर बँक साध्या फोनला दीड-दोन वेळा भरते. ग्रामीण भागात भारनियमन कधी होईल ते सांगता येत नाही आणि उन्हात फोन तापून कॅमेरा मध्येच बंद पडतो, म्हणून फोन सावलीत ठेवा. तिसरी वस्तू ओटीजीचा पेनड्राइव्ह. नेट नसले तरी फोनमधली फाइल त्यावर लगेच उतरवता येते. तिपाई, गिंबल, रिंग लाइट हे सगळे नंतर. गळ्यात ‘प्रेस’चे कार्ड तर मुळीच नको. पैसे घेऊन ओळखपत्र वाटणारी पोर्टल्स तालुक्यातालुक्यात झाली आहेत आणि त्यांच्या कार्डाने कोणतेही संरक्षण मिळत नाही. बोलण्याचे आणि लिहिण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या कलम १९ ने नागरिकाला दिले आहे, कार्डाला नाही.

रेंज

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे: १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके. नगर शहरात बसलेल्या पत्रकाराला जामखेड किंवा अकोल्याच्या टोकाला पोहोचायला अर्धा दिवस जातो. ही जागा आपणच भरायची आहे. पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-रतनवाडी-हरिश्चंद्रगडाच्या पट्ट्यात डोंगराआड गेले की रेंज जाते. तिथे दोन सिम हवीत आणि दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. दोन्ही एकाच कंपनीची घेतली तर एक टॉवर गेला की दोन्ही जातात. कोणत्या वाडीत कोणते सिम चालते हे तिथल्या आशाताईंना आणि शिक्षकांना ठाऊक असते, त्यांना विचारून वहीत लिहून ठेवा.

डेटाचा हिशेब कार्यकर्ते करत नाहीत, तो करावा. १०८० च्या दर्जाच्या व्हिडिओला मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी लागतात. म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर बारा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला की दिवस संपला. म्हणून मुलाखत ७२० वर काढली तरी चालते, जागा जवळपास निम्मी लागते. घटनास्थळाचा पुरावा मात्र १०८० वरच काढा, लहान लहान तुकड्यांत. एका तासाच्या एकाच फाइलपेक्षा तीन मिनिटांच्या वीस फायली कमी रेंजमध्येही हळूहळू वर चढतात.

गर्दीची रेंज हा वेगळा विषय आहे. १ जानेवारीला नगर-पुणे महामार्गावर कोरेगाव भीमाला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर टॉवर असूनही नेट चालत नाही, कारण एका टॉवरवर लाखो फोन असतात. तिथून लाइव्ह जाण्याचा हट्ट सोडा. सकाळी लवकर काढून पाठवा किंवा गर्दीबाहेर येऊन पाठवा. डेटा बंद असतानाही साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. पाच ओळींची बातमी (काय, कुठे, कधी, कोण, आता स्थिती काय) एसएमएसने कार्यालयात बसलेल्या सहकाऱ्याला पाठवा, तो ती टाकेल. दोन फोन शेजारी असतील तर ब्लूटूथने किंवा क्विक शेअरने नेटशिवाय फाइल देता येते. तणावाच्या ठिकाणी हे आधी करा. एकाचा फोन हिसकावला तरी दुसऱ्याच्या खिशात प्रत असते.

काढताना आणि काढल्यावर

सुरू करण्याआधी लेन्स पुसा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी आलेला कॉल रेकॉर्डिंग तोडतो. कॅमेरा सुरू झाला की आधी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, गाव आणि स्वतःचे नाव बोला. मग आधी लांबून पूर्ण जागा दाखवा, म्हणजे मंदिर, शाळा, रस्ता असे काहीतरी ओळखीचे दिसले पाहिजे. नंतर जवळ जा. जखमी माणसाला शब्द सुचवू नका. ‘त्यांनी जातीवरून शिवी दिली ना?’ असा प्रश्न विचारला की उलटतपासणीत तेच वाक्य आपल्याविरुद्ध वाचले जाते. ‘काय झाले ते सांगा’ एवढेच विचारा.

खरी चूक होते ती नंतर. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला, फोनमधून पुसला, संपला विषय. व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करते आणि फोटोमागची तारीख-ठिकाणाची माहितीही काढून टाकते. जे फिरते ते मूळ राहत नाही. पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. मूळ फाइलला कात्री लावू नका, त्यावर लोगो चिकटवू नका. संपादन नेहमी प्रतीवर करा. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर ठेवा. १५ जीबी फुकट मिळतात, त्यात पुराव्याच्या लहान फायली सहज बसतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील दोन भागांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक कण बदलला तरी ठसा बदलतो. तो काढणारी फुकट ॲप्स आहेत. घटनेच्या दिवशीच हॅश काढून वहीत तारखेसह लिहून ठेवला, तर पुढे ‘व्हिडिओत फेरफार केला’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येते. जालन्याच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये, जुन्या कायद्याखाली, न्यायालयाने सांगितले होते की मूळ उपकरणच कोर्टात हजर करून मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, एरवी ते लागतेच. त्यावरून आपल्यापुरता अर्थ असा की, ज्या फोनवर महत्त्वाचे रेकॉर्डिंग झाले तो एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नये. पोलिसांनी फोन मागितला तर पंचनाम्याची प्रत घ्या आणि त्याआधी आपली प्रत सुरक्षित आहे ना ते पाहा. फोनला बोटाच्या ठशापेक्षा सहा आकडी पिन लावा, कारण बोट जबरदस्तीने ठेवता येते.

काय दाखवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांबाबत पोक्सोचे कलम २३ आहे. आई-वडिलांचे नाव, घराचा फोटो, शाळेचा गणवेश यांतूनही ओळख उघड होते. रागाच्या भरात न्याय मागणाऱ्या पोस्टमध्येच हे सर्वांत जास्त घडते. साक्षीदारांचे चेहरे तर कधीच टाकू नका. जिथे साक्षीदार फितूर केले जातात, तिथे त्यांची यादी आपणच प्रसिद्ध करणे म्हणजे आरोपींचे काम सोपे करणे.

आलेला प्रत्येक फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी कालाम सुत्त आठवा. ऐकीव आहे म्हणून खरे नाही, आपल्याच माणसाने पाठवले म्हणूनही नाही. जुन्या दंगलीचा व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरतो आणि मग खऱ्या घटनेवरही लोक विश्वास ठेवत नाहीत. व्हिडिओतून एक स्थिर चित्र काढून गुगल लेन्सवर टाकायला एक मिनिट लागतो. त्या गावात एक फोन करायला दोन.

आणि फक्त मारहाणीच्याच बातम्या करायच्या, असेही नाही. वर्षावासातील प्रवचने, समाजमंदिरातील अभ्यासिका, गायरानाच्या नोंदींसाठी तहसीलला घातलेले हेलपाटे, रमाई घरकुलाचे अडकलेले हप्ते हे सगळे मोबाइलवर व्हायला हवे. ज्याने वर्षभर वस्तीतले हे छोटे काम केले, त्याच्यासमोरच वाईट दिवशी लोक तोंड उघडतात. शिवाय हात बसतो. घटना घडली त्या दिवशी कॅमेऱ्याची सेटिंग शोधत बसावे लागत नाही.

सुरुवात तालुक्यापासून करा. तीन जण पुरे: एक जागेवर जाणारा, एक घरी बसून फायली साठवणारा आणि हॅशची वही ठेवणारा, एक वकिलांशी बोलणारा. माइक, पॉवर बँक, पेनड्राइव्ह हा संच तिघांत एक असला तरी चालतो. अत्याचाराच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४५६६ आहे, ती तिघांच्याही फोनमध्ये सेव्ह असावी. वही ठेवणारा शक्यतो जागेवर जाणाऱ्याच्या गावचा नसावा. एकाच रात्री दोन्ही घरांवर दबाव आला तर फायली कुठेतरी लांब असायला हव्यात.